दुसऱ्याचे दुःख पाहताना



संत ऑगस्टिन वयाच्या सतराव्या वर्षाच्या सुमारास शिक्षणासाठी कार्थेज शहरात गेले आणि तिथे त्यांना नाटकांचे वेड लागले. पुढे हिप्पोचे बिशप झाल्यावर त्यांनी 'कन्फेशन्स' हे आत्मकथन लिहिले. त्यात या वेडाची त्यांनी कसून झडती घेतली आहे. त्यांचा प्रश्न साधा होता. जे दुःख आपल्या वाट्याला येऊ नये म्हणून माणूस देवाजवळ हात जोडतो, तेच दुःख रंगमंचावर पाहायला तो हौसेने का जातो? बरे, पाहून डोळ्यांत पाणी आले नाही तर नाटकाला नावे ठेवतो आणि पोटभर रडला तर समाधानाने घरी येतो. त्यांचा खरा आक्षेप याच्याही पुढचा आहे. खऱ्या दयेला हातपाय असतात, समोरच्याचे दुःख हलके करायला ती धावते. नाटकातल्या दुःखी माणसासाठी प्रेक्षकाला काहीच करता येत नाही. त्याला मदतीला कोणी बोलावलेले नसते, नुसते हळहळायला बोलावलेले असते. मग ही दया कसली?

सोळाशे वर्षांपूर्वीचा हा प्रश्न गेल्या उपवासकाळात आमच्या पॅरिश हॉलमध्ये नव्याने उभा राहिला. युवा मंडळाच्या आग्रहावरून आम्ही व्हित्तोरिओ दे सिका यांचा 'बायसिकल थीव्ह्ज' हा १९४८ सालचा इटालियन चित्रपट दाखवला. भिंतीवर पांढरी चादर, कुणाच्या तरी ऑफिसातून मागून आणलेला प्रोजेक्टर. पंखे लावले तर आवाज ऐकू येत नाही अशी तक्रार नेहमी असते, पण संवाद इटालियनमध्ये असल्याने पंखे खुशाल चालू ठेवले. खाली येणाऱ्या इंग्रजी ओळी सगळ्यांना पटकन वाचता येत नाहीत, म्हणून अधूनमधून आम्हीच मराठीत सांगत होतो.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात गोष्ट. दुसऱ्या महायुद्धानंतरचे रोम. अंतोनिओ रिच्ची बरेच दिवस बेकार आहे. त्याला भिंतींवर पोस्टर चिकटवण्याचे काम मिळते, अट एकच, स्वतःची सायकल हवी. सायकल गहाण पडलेली. बायको मारिया घरातल्या चादरी गहाण टाकून ती सोडवून आणते. कामाच्या पहिल्याच दिवशी अंतोनिओ शिडीवर चढून एका सिनेनटीचे पोस्टर चिकटवत असताना सायकल चोरीला जाते. मग रविवारचा अख्खा दिवस तो आणि त्याचा लहानगा मुलगा ब्रुनो रोमभर सायकल शोधत हिंडतात. संध्याकाळी, सगळे उपाय थकल्यावर, अंतोनिओ स्वतःच दुसऱ्याची सायकल उचलतो आणि पकडला जातो. लोक त्याला मारतात, टोपी खाली पडते. हे सगळे ब्रुनो पाहतो. रडणाऱ्या मुलाकडे पाहून सायकलचा मालक अंतोनिओला सोडून देतो. बापलेक गर्दीतून चालू लागतात आणि मुलगा बापाचा हात धरतो. बस, एवढेच. सायकल मिळत नाही.

दिवे लागल्यावर बराच वेळ कोणी बोलेना. मग मागच्या रांगेतून एक बाई उठून म्हणाल्या, "फादर, पिक्चर चांगलाय. पण हे बघायला इथे कशाला यायचं? आमच्याकडे चार वर्षं हेच चाललं होतं. ज्यांच्या घरात हे झालं नाही त्यांनी बघावं." त्यांच्या यजमानांची अंबरनाथकडची कंपनी बंद पडली होती, हे हॉलमधल्या बहुतेकांना ठाऊक होते. यजमान शेजारीच बसले होते, मान खाली घालून.

बाईंचा मुद्दा ऑगस्टिन यांच्याही पेक्षा धारदार आहे. ऑगस्टिन विचारतात, परक्या दुःखावर रडून कोणाचे काय भले होते? बाई विचारतात, गरिबाचे दुःख हा भरल्या पोटाच्या माणसाचा करमणुकीचा माल का व्हावा? अभिजात चित्रपटांवर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाला, आणि आम्ही स्वतःला त्यांत धरतो, या प्रश्नापुढे उभे राहावे लागते. आमचे हे वेड पुण्यात नगर रोडवर तत्त्वज्ञान शिकत असतानाचे. लॉ कॉलेज रोडवरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात कुठले जुने चित्र लागले की आम्ही तीन-चार जण वरिष्ठांची परवानगी काढून शहराच्या दुसऱ्या टोकाला जात असू. ते संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले. फाळक्यांच्या चित्रपटांची उरलीसुरली रिळे आज पाहायला मिळतात ती तिथे आयुष्य वेचलेल्या पी. के. नायर यांच्या खटपटीमुळे.

फाळक्यांचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट आपल्या लोकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. १९११ साली ईस्टरच्या दिवसांत धुंडिराज गोविंद फाळके यांनी मुंबईत 'लाइफ ऑफ ख्राइस्ट' हा मूकपट पाहिला. पडद्यावर प्रभू येशूचे जीवन सरकत असताना आपल्या मनासमोर राम आणि कृष्ण, अयोध्या आणि गोकुळ उभे राहत होते, असे त्यांनी पुढे 'नवयुग' मासिकात लिहिले. त्यातून १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' आला. परक्या देशातून, परक्या धर्मातून आलेली एक दुःखाची कथा पाहून एका त्र्यंबकेश्वरच्या ब्राह्मणाने काय केले? तो रडून घरी गेला नाही. दुसऱ्या दिवशी पत्नीला घेऊन पुन्हा पाहायला आला आणि मग आयुष्यभर त्याच कामाला लागला. ऑगस्टिन यांनी ज्याला नुसते हळहळणे म्हटले, त्याहून हे काहीतरी वेगळे आहे.

ख्रिस्तसभेने मात्र चित्रपटाकडे आधी संशयानेच पाहिले, आणि तो संशय अगदीच निराधार नव्हता. पोप अकरावे पायस यांनी १९३६ साली 'व्हिजिलांती कुरा' हे परिपत्रक काढले. अनैतिक चित्रपट पाहणार नाही अशी शपथ भाविकांनी घ्यावी, असा त्यात आग्रह होता. त्याच १९३६ साली पुण्यात प्रभात कंपनीचा 'संत तुकाराम' तयार झाला आणि पुढच्या वर्षी व्हेनिसला नावाजला गेला, हा केवळ योगायोग, पण आम्हाला तो आवडतो. 'बायसिकल थीव्ह्ज' अमेरिकेत गेला तेव्हा तिथल्या सेन्सॉर मंडळींनी त्यातल्या दोन दृश्यांना कात्री लावायला सांगितले. त्यांतले एक होते ब्रुनो रस्त्याच्या कडेला लघवीला उभा राहतो ते. दे सिका यांनी नकार दिला. पुढे १९९५ मध्ये, सिनेमाची शंभरी साजरी होताना, व्हॅटिकनने ४५ निवडक चित्रपटांची यादी जाहीर केली. धर्म, मूल्ये आणि कला असे तिचे तीन भाग, प्रत्येकी १५ चित्रपटांचे. मूल्यांच्या भागात 'बायसिकल थीव्ह्ज' आहे. धर्माच्या भागात 'संत मत्तयलिखित शुभवर्तमान' हा १९६४ चा चित्रपट आहे आणि तो पासोलिनी या मार्क्सवादी, नास्तिक माणसाने बनवला आहे. त्या यादीत एकाही भारतीय दिग्दर्शकाचा चित्रपट नाही. सत्यजित राय नाहीत, ही आमच्या मते यादीतली मोठी उणीव आहे.

'बायसिकल थीव्ह्ज'मध्ये एक चर्चही आहे. चोराला ओळखणाऱ्या एका म्हाताऱ्याचा पाठलाग करत अंतोनिओ आत शिरतो. तिथे सुखवस्तू, सेवाभावी मंडळी गरिबांची दाढी करून देत आहेत, त्यांना सूप देणार आहेत, आणि आधी त्यांना मिस्सेला बसवत आहेत. अंतोनिओ कासावीस होऊन म्हाताऱ्याला विचारत राहतो, आणि ही मंडळी त्याला गप्प राहा म्हणून दटावत राहतात, प्रार्थना चालू आहे ना. कोणी दुष्ट नाही तिथे. सगळे चांगलेच काम करत आहेत. फक्त समोरच्या माणसाकडे पाहायला कोणाला सवड नाही. हे दृश्य धर्मगुरूंना सेमिनरीतच दाखवावे असे आमचे मत आहे.

आता मूळ प्रश्नाकडे. अॅरिस्टॉटलने शोकांतिकेची बाजू घेतली ती अशी की, भय आणि करुणा जागवून ती या भावनांचे शोधन करते. आपल्याकडे भरतमुनींनी शोकापासून करुण रस निर्माण होतो असे सांगितले आणि काश्मीरच्या अभिनवगुप्तांनी त्याचे कारण दिले. रंगमंचावरचे दुःख ना माझे, ना त्या नटाचे, ते सर्वांचे होते, म्हणून त्याचा आस्वाद घेता येतो. दोन्ही उत्तरे बुद्धिमान आहेत आणि परीक्षेत चांगले गुण मिळवून देतात. पण शोधन झाले ते कोणाचे? प्रेक्षकाचे. आस्वाद कोणी घेतला? प्रेक्षकाने. ज्याची सायकल गेली तो होता तिथेच राहिला. रेचक घेतल्यावर बरे वाटते तसे हे बरे वाटणे असेल तर मागच्या रांगेतल्या बाईंचे म्हणणे खरे मानावे लागेल.

अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० च्या आपल्या ग्रंथात एका रशियन बाईंचे उदाहरण दिले आहे. त्या नाटकगृहात बसून काल्पनिक पात्रांसाठी अश्रू ढाळतात आणि बाहेर त्यांचा गाडीवान थंडीत गोठत असतो. जेम्स यांचा सल्ला व्यवहारी आहे. कलेने मन हलले तर लगेच काहीतरी करा, काही नाही तर गाडीत दुसऱ्याला बसायला जागा द्या. कल्याण लोकलमध्ये चौथ्या सीटसाठी सरकून बसणे म्हणजे काय असते हे आपल्याला सांगायला नको. पण जेम्स यांच्या सल्ल्यातही एक खोच राहते. अंतोनिओची भूमिका करणारा लाम्बेर्तो माज्जोरानी व्यवसायाने नट नव्हता, कारखान्यातला कामगार होता. चित्रपट झाल्यावर तो कामावर परतला आणि काही काळाने कपातीत त्याची नोकरी गेली. जगभरचे प्रेक्षक त्याच्या पडद्यावरच्या बेकारीवर रडत होते, आणि पडद्याबाहेर तो खरोखरच बेकार झाला होता. ऑगस्टिन यांना हे कळले असते तर त्यांनी त्यावर एक अख्खे प्रकरण लिहिले असते.

तरीही आम्ही चित्रपट दाखवतो. का, ते सांगताना आम्हाला दयाळू शोमरोन्याचा दाखला आठवतो. यरुशलेम ते यरीहोच्या वाटेवर जखमी पडलेला माणूस याजकाने पाहिला, लेव्याने पाहिला आणि शोमरोन्यानेही पाहिला. संत लूक तिघांबद्दलही 'पाहिले' असेच लिहितात. पहिले दोघे आंधळे नव्हते. पाहून त्यांनी रस्त्याची बाजू बदलली. म्हणजे हातपाय हलण्याच्या आधी, पाहण्याच्या त्या एका क्षणातच काहीतरी ठरून जाते. शोमरोनी थांबला तो त्या क्षणी. आपली अडचण बहुधा इथेच आहे. डोंबिवली स्टेशनच्या पुलावरून रोज हजारो माणसे जातात, पायरीवर बसलेला माणूस प्रत्येकाला दिसतो. सकाळी गाडी गाठायची असताना थांबणे शक्य नसते हेही खरे. पण रोज असे जाता जाता न पाहण्याची सवय डोळ्यांना लागते, आणि मग रविवारी, वेळ असतानाही, ती सुटत नाही. चांगला चित्रपट दीड तास आपल्याला जखमी माणसासमोर बसवून ठेवतो आणि बदलायला रस्त्याची दुसरी बाजूच ठेवत नाही. तिथे मदत करता येत नाही हे ऑगस्टिन यांचे म्हणणे आम्हाला मान्य आहे. पण मदत करायच्या आधी जे करावे लागते, त्याचा सराव तिथे होतो. सराव झाला म्हणजे काम झाले असे नाही. तालीम करूनही सामन्याला न जाणारे पहिलवान असतातच.

अर्थात कोणताही चित्रपट हे करत नाही. दाखवणाऱ्याची नजर कशी आहे यावर सारे अवलंबून आहे. १९६१ साली जाक रिव्हेत या फ्रेंच समीक्षकाने 'कापो' नावाच्या चित्रपटावर कडक टीका केली. नाझी छळछावणीतली एक कैदी विजेच्या तारेवर झोकून देऊन मरते आणि दिग्दर्शक त्या प्रेताकडे कॅमेरा सरकवत नेतो, चौकट नीट सुंदर बसावी म्हणून. रिव्हेतच्या मते असा कॅमेरा सरकवणारा माणूस तिरस्काराला पात्र आहे. एका कॅमेऱ्याच्या हालचालीवरून इतके कठोर बोलावे का, असे वाटेल. आता त्याच्यापुढे 'पथेर पांचाली' ठेवा. राय यांनी १९५० साली लंडनमध्ये 'बायसिकल थीव्ह्ज' पाहिला होता आणि १९५५ साली हे चित्र पूर्ण केले. दुर्गा मेली आहे. हे ठाऊक नसलेला बाप गावाहून परततो आणि तिच्यासाठी आणलेली साडी काढून दाखवतो. आईचा बांध फुटतो. पण तिचा आक्रोश आपल्याला ऐकू येत नाही. त्या जागी राय यांनी तारशहनाईचा सूर ठेवला आहे. आईचे रडणे आपल्या कानांसाठी नाही, एवढी मर्यादा त्यांनी पाळली. अपघातात माणूस गेला की त्याच्या आईच्या तोंडासमोर माइक धरणाऱ्या आपल्या वाहिन्या आठवा, म्हणजे रिव्हेत कशावर चिडला होता ते कळेल.

गरिबी दाखवली म्हणून राय यांच्यावरही आरोप झालेच. १९८० साली नर्गिस दत्त यांनी ते देशाचे दारिद्र्य परदेशात विकतात अशा आशयाची टीका केली. इटलीत दे सिका यांच्यावर सत्ताधारी पक्षाच्या मंत्र्याने, तोही आपल्यासारखाच कॅथलिक, असाच राग धरला होता. घरातली धुणी चव्हाट्यावर धुऊ नयेत, असा हा युक्तिवाद आहे. तो आम्हाला पटत नाही. धुणी आहेत हे कोणी नाकारत नसेल तर ती कुठे धुवायची एवढाच वाद उरतो.

आपल्या गावाचे नाव लावून आलेल्या 'डोंबिवली फास्ट'बद्दल (२००५) आम्हाला नेहमी विचारतात. निशिकांत कामत यांचा तो चित्रपट दमदार आहे. पण माधव आपटे बॅट उचलतो तेव्हा आपल्याला जे बरे वाटते, ते तपासून पाहावे. तो आपला राग आपल्या वतीने काढतो आणि आपण मोकळे होतो. त्याच्या उलट नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' (२०१३). जब्या आणि त्याचे घरचे गावात डुकरामागे धावत आहेत आणि कडेला बसलेले गावकरी टिंगल करत हसत आहेत, मोबाइलवर टिपत आहेत. थिएटरमध्ये बसून आपणही तेच पाहत असतो. काही ठिकाणी आपण हसतोही. शेवटी जब्या दगड भिरकावतो आणि तो दगड सरळ कॅमेऱ्याकडे, म्हणजे आपल्याकडे येतो. पडदा काळा होतो. फुकटात हळहळणाऱ्या प्रेक्षकाला ऑगस्टिन यांनी जे शब्दांत सुनावले, तेच जब्या त्या दगडाने सुनावतो असे आम्हाला वाटते. मराठीत असा चित्रपट झाला याचा अभिमान बाळगावा.

आता बाईंच्या प्रश्नाचे काय झाले ते सांगायला हवे. आमच्याजवळ त्या वेळी चांगले उत्तर नव्हते आणि आम्ही तसे म्हणालो. उत्तर चहाच्या वेळी मिळाले, तेही बाईंच्या यजमानांकडून. एरवी मिस्सेनंतर हात जोडून निघून जाणारा हा माणूस कप हातात धरून आमच्याजवळ येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "फादर, पोराला माहीत होतं की बाप चोर नाही. तेवढंच मला बघायचं होतं." मग जरा थांबून त्यांनी विचारले, हा पिक्चर मोबाइलवर मिळेल का, मुलाला दाखवायचा आहे. मुलगा आता नोकरीला लागला आहे. त्या चार वर्षांबद्दल बापलेकांत आजवर एक शब्द झालेला नाही.

बाई जवळच उभ्या होत्या. त्यांचे मत बदलले असे आम्हाला वाटले नाही. बदलावे असेही नाही. दुःख घरात असलेल्याला ते पडद्यावर पाहण्याची सक्ती कोणी करू नये. पण एवढे कळले की असा चित्रपट फक्त बाहेरून पाहणाऱ्यांसाठी नसतो. ज्याच्यावर बेतली त्याला आपली गोष्ट कोणीतरी, सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वी, दूरच्या गावात, खोटेपणा न करता सांगून ठेवली आहे, हे पाहायला मिळते. ऑगस्टिन यांच्या हिशेबात हा प्रेक्षक नव्हता. त्यांनी कार्थेजच्या नाट्यगृहात बसलेला स्वतःसारखा सुस्थितीतला विद्यार्थीच डोळ्यासमोर धरला होता.

मोबाइलवरून आठवले. चित्रपट मिळणे आता सोपे झाले आहे. एके काळी यासाठी माणसे फिल्म सोसायटीचे सभासद होत. मुंबईचे प्रभात चित्र मंडळ १९६८ चे. २०२३ मध्ये निवर्तलेल्या सुधीर नांदगावकरांसारख्यांनी ही चळवळ मराठी माणसात रुजवली, 'वास्तव रूपवाणी'सारखे नियतकालिक चालवले. तेव्हा एक परदेशी चित्रपट पाहायचा तर इथून मुंबई गाठायची आणि परतताना शेवटच्या लोकलसाठी पळायचे. आता बर्गमन, कुरोसावा खिशात आहेत. पण आमची तरुण मंडळी चित्रपट दीडपट वेगाने पाहतात असे कळले. कंटाळवाणा भाग पुढे ढकलायचा. मुलांनो, 'बायसिकल थीव्ह्ज'मध्ये बापलेक नुसते चालत असतात तो भाग दीडपट वेगाने पाहिलात तर दोघे धावताहेत असे दिसेल आणि हसू येईल.

तर, युवा मंडळाने ठरवल्याप्रमाणे पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी संध्याकाळच्या मिस्सेनंतर हॉलमध्ये 'फँड्री' दाखवू. दहा वर्षांखालच्या मुलांना आणू नये. नंतर अर्धा तास बोलणे आणि चहा. मागच्या वेळी खुर्च्या कमी पडल्या होत्या, तेव्हा ज्यांच्याकडे घडीच्या खुर्च्या असतील त्यांनी शनिवारपर्यंत कार्यालयात कळवावे. आणि ज्यांना दगड मारावासा वाटेल त्यांनी तो आमच्या दिशेने मारावा, प्रोजेक्टर उसना आहे.